बेटावरचा पेशंट

माझ्या बहिणीला दिवसाला मोजून एक लिटर पाणी प्यायची परवानगी होती. आणि तिला सुट्टीला जायचं होतं ते भर पावसाळ्यात, चहूकडून पाणीच पाणी असलेल्या बेटावर. मी हसले, तर म्हणाली, "प्यायला बंदी आहे ताई, बघायला नाही."

तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. लहानपणापासून एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायची आणि दिवसभर लांबलचक टेबलाभोवती फिरत असायची. दोन्ही मूत्रपिंडांनी संप पुकारला तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला बांधलेली. तीन वर्षांत तिनं कुरकुर केली नाही. कुरकुरीचं खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं.

मी छापखान्यात तीस वर्षं प्रूफं तपासली. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि लाल शाईनं गोल करायचा, हा माझा धंदा. निवृत्त झाले तरी हात थांबत नव्हता. वर्तमानपत्र वाचायचे तेही लाल पेन घेऊन. लग्न दोघींनीही केलं नाही. तिला वेळ झाला नाही आणि माझ्या नाकावरच्या रागाकडे बघून कुणाला धीर झाला नाही.

बेटाचं खूळ तिच्या डोक्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं भरलं. बेटावरच्या दवाखान्यात चार मशीनं आहेत म्हणे. हंगामात सुट्टीला आलेल्या पेशंटांची तिथं रांग लागते, पण पावसाळ्यात कुणी फिरकत नाही आणि एखादा बेड रिकामा असतो. म्हणजे आमच्यासारख्यांनी जायचं तर पावसातच जायचं. भिंगरीनं घरी येताच फोन लावला. पलीकडे तिथला मशीन चालवणारा टेक्निशियन होता. अर्ध्या तासात तो तिचा भाऊ झाला, ती धाकट्या ताई झाली आणि मी, फोनला हातही न लावता, मोठ्या ताई.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. रक्ताचे सगळे रिपोर्ट नव्यानं काढले. मी एक वही केली. बोटीच्या वेळा, बोट सुटली नाही तर दुसरी कधी, धक्क्यापासून दवाखाना किती लांब, वीज गेली तर जनरेटर आहे का. प्रत्येक ओळीपुढे लाल प्रश्नचिन्ह.

"आणि वादळ झालं, बोटी बंद पडल्या, आपण तिथंच अडकलो तर?" मी विचारलं.

"अडकलो तर अडकलो. मशीन तिथंच आहे ना! इथं काय मोठं मोकाट सुटलोय आपण?"

तिच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा. ती मात्र कामाला लागली. पिवळं रेनकोटचं कापड आणून दोन कोट बेतले. एक तिचा, एक माझा. माझ्या कोटाला आतून चष्म्यासाठी खिसा. "तुझा चष्मा भिजला तर समुद्रातल्या चुका कोण काढणार?" म्हणाली.

निघायला आठ दिवस होते. त्या आठवड्यात वाऱ्यामुळे बोटी दोन दिवस बंद राहिल्याची बातमी आली. सोबत फोटो होता, धक्क्याला बांधलेली बोट कलंडलेली. भिंगरी आंघोळीला गेली होती आणि नेमका तेव्हाच टेक्निशियनचा फोन आला. बोटी पुन्हा सुरू झाल्यात, तर बेड नक्की धरायचा ना?

मी म्हणाले, "रद्द करा."

एवढंच. दोन शब्द. वर अशी तब्येत आहे, असा पाऊस आहे, असं काहीबाही बोलले. सगळं तिच्या आजारावर घातलं. खरं कारण माझ्या पोटात होतं आणि ते मी स्वतःशीही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मला बोटीची भीती वाटते. आठ वर्षांची असताना वडिलांनी आम्हाला तलावात नावेतून नेलं होतं. नाव जरा हलली आणि मी अशी किंचाळले की अर्ध्यातून परत फिरावं लागलं. पोटात दुखतंय असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. भिंगरी तेव्हा पाच वर्षांची. माझा हात धरून बसली होती.

ती केस पुसत बाहेर आली. मी म्हणाले, "बेड गेला गं. तिथला एक पेशंट वाढला."

ती टॉवेल हातात घेऊन उभी राहिली. मग खुर्चीवर बसली. "बाई की बुवा?"

"बुवा," मी म्हणाले.

"मग त्याला गरज जास्त असणार. आपण काय, मजा करायला चाललो होतो." उठून तिनं टॉवेल वाळत घातला, चारी कोपरे सारखे करून. मला वाटलं, सुटले. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत.

दोन दिवसांनी ती माझा रेनकोट शिवत बसलेली दिसली. "आता कशाला?" मी विचारलं.

"असू दे. पाऊस काय फक्त बेटावरच पडतो?" आणि दोरा तोडत म्हणाली, "ताई, तुझ्या त्या बेटावरच्या पेशंटचं कसं चाललंय गं? भाऊंनी काही सांगितलं का?"

एक खोटं झाकायला दुसरं लागतं. मी सांगितलं, बरा आहे. चार दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, काय करतो तो? मी त्याला धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीत बसवलं. मुलंबाळं? दोन मुली दिल्या. दर दोन-चार दिवसांनी ती त्याची चौकशी करायची, अगदी गोड आवाजात, माझ्याकडे बघत. आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर गोल मारणारी मी, तिच्यासमोर बसून एका नसलेल्या माणसाचं वजन आणि रक्तदाब सांगायचे. कधीकधी मलाच त्याची काळजी वाटायची.

एकदा पाऊस कोसळत होता. ती खिडकीत बसून बर्फाचा खडा चघळत होती. तिच्या वाट्याच्या पाण्यातलाच तो. म्हणाली, "त्याला समुद्राची भीती नाही ना वाटत?"

"बेटावरच्या माणसाला कसली भीती?"

"असते हो एखाद्याला. सांगत नाहीत बिचारे." आणि ती थांबली. मी उठून गॅसवरचं दूध बघायला गेले. दूध अजून तापलंही नव्हतं.

दीड महिन्यानं, एका मंगळवारी सकाळी, मशीनला जायचं म्हणून मी तिला उठवायला गेले, तर ती उठली नाही. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं, चेहरा नेहमीसारखा. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. माझा हात हातात घेऊन त्यांनी धीर दिला, "स्वतःला दोष देऊ नका. हे कुठंही झालं असतं."

कुठंही. म्हणजे तिथंही. मग तिथं समुद्र तरी बघून झाला असता. हे मी त्यांना बोलले नाही. घरी येऊन तिच्या कात्र्या, मापाची टेप, खडूचे तुकडे एका डब्यात भरले आणि डबा मांडीवर घेऊन दुपारभर बसून राहिले. इतकी रडले की शेजारीण दार वाजवून गेली. उघडलं नाही.

पाऊस ओसरायला लागला तेव्हा, तिला जाऊन अठरा दिवस झाले होते, तिचा फोन वाजला. मी तो चार्ज करून ठेवायचे. का, ते विचारू नका. टेक्निशियन होता.

"कोण, मोठ्या ताई का? बरं झालं तुम्हीच घेतलात. एक तारखेपासून हंगाम सुरू होतोय हो. आता बेड अडवून ठेवता येणार नाही मला. येणार असाल तर हा शेवटचा आठवडा."

"कुठला बेड?" मी म्हणाले. "तो तर मी रद्द केला होता."

तो जरा गडबडला. "तुम्ही केलात हो. पण धाकट्या ताईंचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. तुमच्या नव्या पेशंटची तब्येत कशी आहे, म्हणून विचारत होत्या. त्याला काही हवं-नको असेल तर सांगा, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, कसला पेशंट? बेड रिकामाच आहे."

मी भिंतीला टेकून खाली बसले. समोर खुंटीवर दोन पिवळे रेनकोट होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, हसत सुटल्या! म्हणाल्या, भाऊ, बेड कुणाला देऊ नका. माझी ताई बोटीला घाबरते, लहानपणापासून. कबूल करत नाही. मी अधूनमधून खडा टाकून बघत राहीन, एक ना एक दिवस बोलेलच. ती बोलली की मी तिचा हात धरून घेऊन येते. आणि मला बजावलं, ताईला कळू देऊ नका, ओशाळेल ती. आता बेडचीच वेळ आली म्हणून सांगतोय बघा. रागावू नका."

म्हणजे तो तिकिटाच्या खिडकीतला माणूस, त्याच्या दोन मुली, ते वजन, तो रक्तदाब. सगळं ऐकताना तिला ठाऊक होतं. दर वेळी ती दार उघडून उभी राहायची आणि दर वेळी मी त्या माणसाला आणखी एक नातेवाईक द्यायचे.

"मोठ्या ताई? ऐकताय ना?"

"भाऊ," मी म्हणाले, "मला बोटीची भीती वाटते हो. फार वाटते. तिचं आजारपण नव्हतं, पाऊस नव्हता. मीच घाबरले."

जन्मात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं. पलीकडून त्याचं मोकळं हसू ऐकू आलं. कुणाचं तरी अडलेलं काम फत्ते झाल्यासारखं.

"अहो, मग मला काय सांगताय?" तो म्हणाला. "धाकट्या ताईंना द्या ना फोन. त्या कधीच्या वाट बघतायत."