टॅपेट लावायचे होते

"लांबून वाटलं, तुझा ट्रक प्रार्थनेला वाकलाय," क्लाइव्ह म्हणाला.

केबिन पुढे कलंडवली होती. इंजिन उघडं पडलं होतं आणि मी चासीच्या लोखंडी सांगाड्यावर चढून त्याच्या झाकणाचे बोल्ट काढत होतो. क्लाइव्ह माझा शेजारी. शेजारी म्हणजे गाडी काढून जावं लागतं इतका लांबचा. त्याचा गहू दर हंगामात मी सायलोवर, धान्याच्या कोठारावर नेतो. उद्या कापणी सुरू व्हायची होती.

"वर्कशॉपला दे ना."

"हंगाम संपल्यावर या म्हणतात."

"अरे, एवढा कॉम्प्युटर आहे ह्यात. त्याला सांग टॅपेट लावायला."

"तो नुसती तक्रार करतो. हात लावत नाही कशाला."

"मग आमच्या हिच्यासारखाच की," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

नोरीन फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून माझ्यासमोर कोणी आपल्या बायकोचं नाव काढत नाही.

"मी जातो खाली," क्लाइव्ह म्हणाला. "तू ओरड, मी फिरवतो."

"नको."

"माझ्या कमरेची काळजी करू नकोस."

"नको म्हटलं ना, क्लाइव्ह."

टॅपेट लावायला, म्हणजे इंजिनाच्या झडपांमधली फट नेमकी करायला, दोन माणसं लागतात. एकाने ट्रकखाली पडून दांड्याने इंजिन तसूतसूने फिरवायचं, दुसऱ्याने वर खुणेवर डोळा ठेवायचा. खाली नोरीन असायची. जुन्या गादीचा तुकडा पाठीखाली, शेजारी रेडिओ, आणि माश्यांना शिव्या. तिचे बूट तेवढे बाहेर दिसायचे. तिथे दुसऱ्या कोणाचे बूट मला बघवले नसते. पण हे क्लाइव्हला कसं सांगणार?

"उद्या येशील ना मग?" जाताना त्याने विचारलं. "नाहीतर मला दुसरा ट्रक बघावा लागेल. राग मानू नकोस."

"येईन."

मलाही जायचंच होतं. हा हंगाम केला नाही तर घरात बसून करणार काय?

मी खाली शिरायचो, दांडा थोडा ओढायचो, बाहेर येऊन वर चढायचो. खूण अजून मागे. पुन्हा खाली. पुन्हा वर. आता खूण पुढे गेलेली. मग पूर्ण फेरा पुन्हा. गुडघ्यांतून कळा येत होत्या. पण जमत होतं. फिलर गेजची, फट मोजायची पातळ पट्टी सरकवायची, स्क्रू बसवायचा, नट आवळायचा. चौथ्या सिलिंडरवर असताना केरिनचा फोन आला. आमची मुलगी. ती समुद्राकडे, शहरात राहते.

"बाबा, जेवलास का?"

"ट्रकचं काम चाललंय."

"एकटा? क्लाइव्हकाकाला बोलाव ना."

"येऊन गेला."

"आणि तू त्याला हाकलून दिलंस." मग म्हणाली, "इथे तुझी खोली तयार आहे रे. गॅरेजपण आहे."

"गॅरेजमध्ये ट्रक मावेल?"

"नाही मावणार, बाबा. तेच तर सांगतेय मी."

फोन ठेवून पाना उचलला आणि हात तिथेच राहिला. चौथ्याचा नट आवळला होता की आवळायचा होता? आठवेना. बघितलं, आवळलेला होता. बरं वाटलं. तरी मन राहीना म्हणून पहिल्यापासून प्रत्येक नटाला पाना लावत गेलो.

दुसऱ्या सिलिंडरवरचा नट बोटांनी फिरला.

तो मी आवळला होता. शपथ घेऊन सांगितलं असतं.

मी चासीवर बसून राहिलो. नोरीनला इंजिनातलं काही कळत नव्हतं, असं ती स्वतःच सांगायची. मी वरून "झालं" म्हटलं की ती खालून ओरडायची, "काय झालं? कितवा? घट्ट आहे का?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय दांड्याला हात लावायची नाही. मी वैतागायचो. "अगं बाई, आंधळा आहे का मी?" म्हणायचो. ती तरी विचारायचीच.

तो नट मी आवळला. सगळे पुन्हा तपासले, झाकण लावलं. इंजिन आता ठीक होतं. पण गहू भरल्यावर ट्रेलरची पिन बसली का, चाकांचे नट आवळले का, ब्रेकची हवा बघितली का? हे सगळं मी "बघितलं" म्हणणार, आणि ते खरं की खोटं मलाच कळणार नाही. त्या रस्त्यावर सकाळी शाळेची बस असते.

मी क्लाइव्हला फोन केला.

"दुसरा ट्रक बघ."

"का रे? इंजिनात काही निघालं?"

"नाही. इंजिन चांगलं आहे."

मग म्हणाला, "रात्री जेवायला ये. ही मेंढीचं मटण भाजतेय."

"बघतो," म्हणालो.

केबिन खाली घ्यायला बटण दाबायचं असतं, बस. ते दाबावंसं वाटेना. ऊन कललं होतं. सायलोकडे जाणारा एक रिकामा ट्रक रस्त्यावरून धुरळा उडवत आला. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता. माझी वाकलेली केबिन आणि काळे हात बघून त्याला वाटलं असेल, उद्याची तयारी चाललीय. इकडच्या रीतीप्रमाणे त्याने नमस्कारादाखल स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं.

मीही उचललं.