भानुमतीबाईंचा काठ

भानुमतीबाई सकाळचा चहा पाण्याकडे तोंड करून प्यायच्या. पण हल्ली त्यांनी खुर्ची थोडी तिरकी लावायला सुरुवात केली होती. सरळ बसलं की स्वतःच्या काठाचं पाणी दिसायचं, हिरवट, वर शेवाळाची साय धरलेलं. तिरकं बसलं की तारेच्या कुंपणापलीकडचा, शेजारच्या तनुजाचा काठ दिसायचा. तिथं पाण्याच्या तळाशी खडे दिसत होते आणि लांब गुलाबी पायांचे पाणपक्षी, शेकाट्या, तोऱ्यात फिरत होत्या. पहिल्या दृश्याची लाज वाटायची आणि दुसऱ्याचा राग यायचा. तरी खुर्ची तिरकीच राहिली.

शहरातून गंगापूरकडे जाताना डाव्या हाताला आत वळलं की हा सटवाईचा तलाव. त्याच्या काठानं सात-आठ जणांनी फार्महाउसं बांधली होती. शनिवार-रविवार गाड्या यायच्या, बाकी दिवस शांतता. भानुमतीबाई आणि त्यांचे यजमान व्यंकटराव मात्र निवृत्तीनंतर इथंच राहायला आले होते. त्यांचं घर सगळ्यांत आधी झालेलं, म्हणून दर हिवाळ्यात हुरड्याची आगटी पेटायची ती त्यांच्याच अंगणात. गोवऱ्यांचा विस्तव, कोवळी कणसं, लसणाची चटणी आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "हुरडा खावा तर काकूंकडं."

यंदा तलावकाठच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "हुरडा तनुजाताईंकडे करू या का? काकूंच्या बाजूला पाण्याला जरा वास येतो."

खाली सहा अंगठे.

"सहा!" भानुमतीबाईंनी मोबाइल नवऱ्यासमोर धरला. "यातला एक तुमचा आहे."

"चुकून लागला," व्यंकटराव म्हणाले. "चष्मा नव्हता."

"पंचवीस वर्षांनी लहान आहे ती माझ्यापेक्षा. छावणीत औषधांचं दुकान चालवते, शनिवार-रविवार चार-चार तास येते इथं. आणि पाणी तिचं स्वच्छ! दुकानातलंच काहीतरी टाकत असणार."

"तापाची गोळी टाकत असेल पाण्याला."

"हसा तुम्ही."

भानुमतीबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. तनुजा तुरटी फिरवत असणार. माठातलं गढूळ पाणी तुरटीनं निवळतं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांनी शहरातून पिशवीभर तुरटी मागवली, दोरीला बांधली आणि काठावर वाकून पाणी ढवळत राहिल्या.

व्यंकटराव ओसरीवरून बघत होते. "अहो, तलाव आहे तो, रांजण नव्हे."

पाणी होतं तसंच राहिलं. भानुमतीबाईंची कंबर मात्र दोन दिवस धरली.

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. पाण्याला उपाय नसेल तर नसू दे, अंगण तरी असं करायचं की लोकांचं पाण्याकडे लक्षच जाऊ नये. माळीकाम करणाऱ्या कडूबाला बोलावून त्यांनी हिरवळीवर आणखी खत पसरायला लावलं. हिरवळ घरापासून थेट पाण्यापर्यंत उतरत गेली होती. काठाला पूर्वी लव्हाळं आणि पाणकणसं होती, ती त्यांनी दोन वर्षांपूर्वीच उपटून टाकायला लावली होती. तलाव मोकळा दिसावा म्हणून.

"बाई, मागल्या महिन्यातबी टाकलं व्हतं खत," कडूबा म्हणाला.

"तिच्याकडं लॉन आहे का?"

"नाय. नुस्तं गवत माजलंय काठाला."

"मग टाक."

हिरवळ खरोखर पोपटी झाली. भानुमतीबाईंनी तिचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हुरडा नेहमीच्याच जागी. गुळभेंडी ज्वारी सांगून ठेवली आहे. चटणीचे तीन प्रकार." त्यापुढे कोण नाही म्हणणार? तनुजानंच सगळ्यांआधी उत्तर दिलं, "वा! काकूंची चटणी!"

हेही त्यांना खटकलं. हरलेल्या माणसानं जरा तरी खट्टू व्हावं की नाही?

हुरड्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तिळाचे लाडू देण्याच्या निमित्तानं त्या कुंपणापलीकडे गेल्या. खरं तर तुरटी शोधायला. तनुजा हातपंपाशी भांडी घासत होती. हातपंप पाण्यापासून बराच वर, आणि घासलेलं पाणी एका चरातून केळीच्या आळ्यात जात होतं. काठाला मात्र कमरेइतकं गवत. लांब पातींचा वाळा, एकाला एक चिकटून, वरपासून खालपर्यंत नुसतं रान.

"हे कापून का घेत नाहीस गं? साप येतील. आणि तलाव कुठं दिसतो यातून?"

"बसलं की नाही दिसत, काकू. उभं राहावं लागतं." तनुजा हसली. "पण राहू दिलंय. वरून वाहत येणारी माती, शेणखत, सगळं ते धरून ठेवतं. पाण्यात जाऊ देत नाही."

"असं होय," भानुमतीबाई म्हणाल्या. विश्वास मुळीच बसला नव्हता. गवत कुठं काय धरतं? त्यांनी परत जाताना हातपंपाच्या मागेही एक नजर टाकली. तुरटी नव्हती.

घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गवत म्हणे पाणी स्वच्छ ठेवतं. खरं गुपित सांगत नाही ती."

रविवार उजाडला. भानुमतीबाई पहाटेच उठल्या होत्या. ओसरीपासून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या फरशीवर त्यांनी मोठी रांगोळी काढली: मधे मोर, भोवती कणसं. लाल, निळा, पिवळा, रंगांना तोटा ठेवला नाही. तनुजाला रांगोळी येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पाण्याचा वास झाकायला काठाला धूप लावून ठेवला.

"कडूबा, लॉनला भरपूर पाणी दे. चिंब दिसलं पाहिजे. पाहुणे तासाभरात येतील."

त्या चटणी वाढून घ्यायला आत गेल्या. बाहेर कडूबानं पाइप सोडला आणि आगटीसाठी गोवऱ्या आणायला मागं गेला. हिरवळ आधीच भिजलेली होती. तिनं घेतलं तेवढं घेतलं, बाकीचं पाणी वरून फरशीवर उतरलं.

भानुमतीबाई बाहेर आल्या तेव्हा मोराला पाय उरले नव्हते. लाल-निळ्या ओघळी फरशीवरून, हिरवळीच्या कडेवरून सरळ खाली धावत होत्या. कुठंही अडत नव्हत्या. त्या बघत असतानाच पहिली लाल ओघळ पाण्यात शिरली आणि शेवाळाच्या सायीखाली पसरत गेली.

"अरे बंद कर ते!" त्या ओरडल्या.

कडूबा धावत आला, पाइप बंद झाला. पण भानुमतीबाई रांगोळीकडे बघतच नव्हत्या. त्या काठाकडे बघत होत्या. रंगाबरोबर काही पांढरे दाणेही वाहत आले होते आणि फरशीच्या टोकाशी अडकले होते. हिरवळीवर टाकलेलं खत. त्यांच्या शेजारी काठावरचा तो दगड, ज्यावर दर वर्षी हुरड्याची भांडी साबणाच्या पावडरीनं घासली जायची. आणि त्याच्या बाजूला तो काळा डाग, जिथून आगटीची राख पाण्यात लोटली जायची. त्याच लोटायला सांगायच्या. अंगण स्वच्छ राहायला हवं ना!

त्या पायरीवर बसल्या. व्यंकटराव येऊन शेजारी उभे राहिले.

"सगळं खाली जातंय हो," भानुमतीबाई म्हणाल्या. "मी टाकते ते सगळं. जेवढं हिरवं वर, तेवढं हिरवं खाली. शेवाळाला खत मीच घालतेय."

"मोर पुन्हा काढता येईल."

"मोराचं काय घेऊन बसलात!"

वरच्या रस्त्यावर पहिली गाडी वळताना दिसली. आगटी अजून पेटली नव्हती. इथं पेटवली की राख इथंच, भांडीही इथंच. त्या क्षणभर थांबल्या. कुंपणापलीकडे शेकाट्या निवांत चालत होत्या. हुरडा इथून गेला तर तो परत येईल का?

मग त्यांनी कुंपणाशी जाऊन हाक मारली.

"तनुजा! आगटी तुझ्याकडं पेटवायची. माझ्या पाण्याला वास येतोय."

हे शेवटचं वाक्य त्यांनी वरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. हळू म्हटलं असतं तर जमलं नसतं.

हुरडा तनुजाच्या अंगणात, पाण्यापासून लांब, आंब्याखाली झाला. सगळ्यांनी चटण्या बोटं चाटत खाल्ल्या. तनुजानं राख घमेल्यात भरून खताच्या खड्ड्यात टाकली, आणि भानुमतीबाई ते डोळ्यांत तेल घालून बघत राहिल्या.

निघताना त्यांनी विचारलं, "वाळा कुठून आणलास?"

"मामाच्या शेतातून, पाचोडहून. तुम्हाला देते ना ठोंबं."

"नको. पत्ता दे. माझी मी आणीन." आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा वळल्या. "तुझा पट्टा रुंद किती आहे गं?"

आषाढात भानुमतीबाईंनी हिरवळीचा खालचा अर्धा भाग उकरून काढला आणि तिथं वाळा लावला. तनुजापेक्षा दुप्पट रुंद. खताची पोती बंद झाली. घासण्याचा दगड कडूबानं कुरकुरत वर ओढला, मोरीचं पाणी केळीला गेलं. केळीही तनुजापेक्षा दोन जास्तच लावल्या.

पुढचा हिवाळा आला. पाणी अजून पुरतं निवळलेलं नव्हतं, पण साय फाटली होती, मधूनमधून मोकळं पाणी दिसू लागलं होतं. एका सकाळी एक शेकाटी कुंपण ओलांडून त्यांच्या बाजूला आली. भानुमतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवायचंही टाळलं, आवाज होईल म्हणून.

त्याच दिवशी ग्रुपवर तनुजानं लिहिलं, "यंदा हुरडा काकूंकडे. त्यांचा वाळा माझ्यापेक्षा दाट झालाय, मला जळायला होतंय."

भानुमतीबाईंनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग व्यंकटरावांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "जळायला होतंय," यावर जरा जास्तच थांबून.

"मग? सांगा हो म्हणून," व्यंकटराव म्हणाले.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. किती हवं होतं हे त्यांना. वर्षभर.

"एवढ्यात नको," त्यांनी लिहिलं. "पाणी अजून माझ्या मनासारखं नाही. यंदाही तुझ्याकडंच. चटणी माझी."

मग त्यांनी खुर्ची उचलली आणि सरळ, आपल्या काठाकडे तोंड करून ठेवली. वाळ्यामुळे बसून काहीच दिसत नव्हतं. त्या उभ्या राहिल्या.