क्लीनरचा ग्लास

"अहो उस्ताद, लाल दिवा आहे तर असू द्या ना! पडद्यावरचा दिवा तो. दंड कोण करणार, संगणक?"

लझहर माझ्या मागे स्टुलावर बसून ओरडत होता. मी हँडब्रेक ओढला आणि दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसलो. पडद्यावर माझा अठरा चाकी ट्रक, त्यात सिमेंटची पोती आणि पुढे रिकामा चौक. हातात खरं स्टिअरिंग होतं. मुलीनं परदेशातून, ल्योंहून पाठवलेलं, टेबलाला स्क्रूनं आवळलेलं.

"एकतीस जण बघतायत," लझहर म्हणाला. "एकतीस! त्यातले दोघे आपण."

"आणि तिसरी मी," सालहा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेही भाजी शिजेपर्यंत."

माझी बायको कधी खोटं बोलत नाही, हा तिचा दोष आहे.

ट्रकच्या या खेळाचं चॅनेल मी दीड वर्षापूर्वी काढलं. सकाळी शाळेच्या फाटकावर पहारा करायचा आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर गाडी बाहेर काढायची, असा माझा आठवडा. खेळात मी कुणाला धडकत नाही, वेगमर्यादा मोडत नाही. निघताना बिस्मिल्ला म्हणतो, वळताना दिवा देतो. दीडेक तास झाला की गाडी कडेला घेतो, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर पुदिन्याचा लाल चहा उकळतो आणि दोन ग्लास भरतो. एक माझा. दुसरा उजव्या हाताला, क्लीनरचा. वीस वर्षं स्फाक्स बंदरापासून सीमेवरच्या बेन गर्दानपर्यंत गाडी चालवली, कधी एका ग्लासाचा चहा केला नाही. क्लीनरच्या आधी उस्तादानं घोट घ्यायचा नाही, हा आमच्या लाइनीवरचा रिवाज. आणि माझा क्लीनर म्हणजे हाच, लझहर. आता त्याचं मोबाइलचं दुकान आहे, पोटही सुटलंय. पण शुक्रवारी येतो आणि त्याचा ग्लास पितो.

"लोकांना काय पाहिजे ते कळत नाही तुम्हाला," तो म्हणाला. "चॅनेल माझ्या हातात द्या. दोन महिन्यांत बघा."

मी दिलं. चॅनेलची किल्ली, तो पासवर्ड की काय म्हणतात तो, कागदावर लिहून त्याच्या हातात ठेवला. वीस वर्षं ज्याच्या भरवशावर मी शेजारच्या सीटवर डोळे मिटले, त्याला किल्ली द्यायला विचार कशाला करायचा?

आणि खोटं कशाला बोलू, त्यानं काम चोख केलं. बरा माइक आणला. "पहिली दहा मिनिटं तुम्ही मुक्यासारखे बसता, लोक पळतात. आल्या आल्या बोला," म्हणाला. दर शुक्रवारी चारच्या ठोक्याला सुरू करायचं, एक मिनिट इकडे तिकडे नाही, असं ठरवलं. प्रत्येक व्हिडिओवर माझ्या थोबाडाचा मोठा फोटो लावला. सालहा तो बघून म्हणाली, "हरवले आहेत, सापडल्यास कळवा." लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी नाव घेऊन उत्तर द्यायला लागलो. लोकांना चहाची वेळ फार आवडली. पडद्याच्या कडेतून लझहरचा हात यायचा, ग्लास उचलायचा आणि नाहीसा व्हायचा. लोक लिहायचे, क्लीनरच्या हाताला सलाम सांगा. एकतीसाचे दीडशे झाले, मग चारशे.

एके दिवशी मबरूकाचं नाव दिसलं. "मोंजीकाका, मारेथहून बघतेय. जपून चालवा."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. मबरूका म्हणजे तिजानीची मुलगी.

तिजानी म्हणजे ज्याच्यावर आमची गाडी गेली तो. मारेथच्या अलीकडे, ऑलिव्हच्या हंगामात, टळटळीत दुपारी. मोपेडवर दोन पोती लादून तो कडेकडेनं चालला होता. मी उजवीकडच्या, क्लीनरच्या सीटवर झोपलो होतो. स्टिअरिंगवर लझहर होता. त्याच्याकडे मोठ्या गाडीचं लायसन नव्हतं. मीच म्हटलं होतं, जरा धर, डोळा लागतोय. लायटर खाली पडला म्हणून तो वाकला, बस, तेवढंच.

लझहरच्या बायकोला नववा महिना होता. तो रस्त्यावर बसून तिचंच नाव घेत होता. मी त्याला म्हटलं, "पळ. बागेतून जा आणि गाबेसची बस धर. तू आज गाडीत नव्हतासच." मग स्टिअरिंगवर जाऊन बसलो. पोलिसाला सांगितलं, एकटा होतो, झोप लागली. त्यानं केबिनमध्ये वाकून बघितलं आणि विचारलं, "मग ग्लास दोन कशाला?" मी म्हणालो, "मी दोन पितो." दोन्ही ग्लास त्यानं पुराव्यात जमा केले.

दहा महिने आत काढले. लायसन गेलं ते गेलंच. लझहरला मुलगा झाला, त्याचं नाव त्यानं मोंजी ठेवलं. मी बाहेर आल्यावर त्यानं माझे हात धरून रडून विनवलं आणि मी शपथ घेतली, की त्याचं नाव मी कुणाला सांगणार नाही. सालहालासुद्धा सांगितलं नाही.

ईदला मी मकरूदांचा, खजूर भरलेल्या मिठाईचा डबा घेऊन तिजानीच्या दारात जायला लागलो. पहिल्या वर्षी दार उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी उघडलं आणि माझं तोंड बघून लावलं. तिसऱ्या वर्षी मबरूकानं डबा घेतला. चौथ्या वर्षी आत बोलावलं आणि निघताना त्यांच्या झाडांच्या तेलाची बाटली हातात ठेवली. तेव्हापासून दर हंगामाला एक बाटली येते. आयुष्यात मी काय कमावलं असं कुणी विचारलं, तर मी ती बाटली दाखवीन.

मार्चच्या एका सोमवारी शाळा सुटल्यावर कॉफी प्यायला गेलो. मला बघून गप्पा थांबल्या. कॉफीवाला हमादी मला लहानपणापासून ओळखतो. त्यानं कप ठेवला आणि हळूच म्हणाला, "मोंजी, हे तूच टाकलंस?" मोबाइल त्यानं माझ्यापुढे धरला.

माझाच फोटो होता. डोळे मिटलेले, चहाचा घोट घेतानाचा. त्यावर पिवळ्याजर्द अक्षरांत: झोपेत माणूस चिरडला! आता फक्त पडद्यावर गाडी चालवतो! खाली जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण, तिजानीच्या नावासकट. मागे रडकं संगीत. चाळीस हजार लोकांनी बघितलं होतं.

खाली शेकड्यांनी लिहिलेलं. कुणी शिव्या, कुणी कीव. आणि मध्ये मबरूका: "आम्ही तुम्हाला माफ केलं होतं, मोंजीकाका. माझा बाप विकायला नव्हतं केलं."

कॉफी तशीच टाकून मी निघालो. लझहरच्या दुकानापर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही. तो काउंटरमागे कुणाच्या तरी मोबाइलची काच बसवत होता. मला बघून त्याचं तोंड फुललं.

"बघितलंत? चाळीस हजार, उस्ताद! वल्ला, रात्री एकशेवीस होते, सकाळी..."

"काढ तो."

"काढू? डोकं फिरलंय का? लोकांना गोष्ट पाहिजे असते. तुमच्याकडे गोष्ट आहे, ती कधीची कुजत पडलीय. खेळ काय, सगळेच खेळतात."

"कुणाची गोष्ट आहे ती, लझहर?"

त्यानं गिऱ्हाइकाकडे बघितलं. गिऱ्हाईक समजूतदार होतं, बाहेर जाऊन उभं राहिलं.

"हळू बोला," तो म्हणाला.

"मबरूकाकडे जा. फक्त तिला सांग. दुनियेला नको, पोलिसाला नको, त्या एका पोरीला सांग की हे मी टाकलेलं नाही, आणि स्टिअरिंगवर कोण होतं ते सांग."

तो काच पुसत राहिला. मला वाटलं, रडतोय. मान वर केली तेव्हा डोळे कोरडे ठणठणीत होते.

"हे बघ, मोंजी," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. "कागदावर काय आहे? तू चालवत होतास. तू सही केलीस. मी त्या दिवशी गाडीत नव्हतोच, तूच म्हणालास ना? मग मी काय खोटं टाकलं?"

थप्पड मारली असती तर बरं झालं असतं, त्याला किंवा मला, कुणालाही. माझा हात उठला नाही. ते खोटं मी त्याला पांघरायला म्हणून दिलं होतं. एवढ्या वर्षांत त्यानं ते धुऊन, इस्त्री करून खरं करून टाकलं होतं. आपल्या हातानं माणूस मेला हे तो खरंच विसरला होता. विसरला नसता, तर ती पिवळी अक्षरं लिहिताना त्याची बोटं अडखळली असती.

"किल्ली परत दे," मी म्हणालो.

घरी सालहानं चष्मा लावून अर्धा तास खटपट केली आणि व्हिडिओ काढून टाकला. तोपर्यंत तो गावभर मोबाइलांवर फिरत होता. ती म्हणाली, "लझहरनं वाईटच केलं. पण खरं तेच लिहिलंय ना त्यानं? मग तू एवढा का जळतोस?" मी हात धुतले आणि जेवायला बसलो.

मबरूकाला चार वेळा फोन लावला. तिनं उचलला नाही.

शुक्रवारी चारच्या ठोक्याला मी गाडी काढली. सालहा म्हणाली, "आज नको रे, लोक टपून बसलेत." पण माल भरलेला होता. स्फाक्सची असो की पडद्यावरची, भरलेली गाडी मी अशी टाकून देत नाही. नऊशे जण बघत होते. इतके कधीच नव्हते. खाली शब्द धो धो वाहत होते: खुनी. काका, झोपू नका हां. तिजानीचं नाव घ्या. काही जण हसण्याची चित्रं टाकत होते. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि निघालो. लाल दिव्याला थांबलो, हिरव्याला निघालो. कुणालाच उत्तर दिलं नाही.

दीड तासानं गाडी कडेला घेतली. शेगडी पेटवली. सालहानं सवयीनं दोन ग्लास आणून ठेवले. मी त्यातला एक उचलला आणि तिच्या हातात परत दिला. ती ग्लास छातीशी धरून दारातच उभी राहिली.

चहा ओतला. घोट घेतला. एरवी क्लीनरची वाट बघतो, आज बघितली नाही.

कुणीतरी लिहिलं: "काका, आज ग्लास एकच?"

"आज गाडीवर मी एकटाच आहे," मी माइकमध्ये म्हणालो.

खालचे शब्द वाहतच होते. मी ग्लास संपवला, शेगडी बंद केली, स्टिअरिंगला हात घातला. तेवढ्यात ते नाव दिसलं. नाव दिसल्यावर बाकीचं काही दिसेना.

मबरूकानं लिहिलं होतं: "आणि त्या दिवशी, मोंजीकाका? कोर्टात दोन ग्लास ठेवले होते. मी आईच्या मांडीवरून बघत होते. त्या दिवशी गाडीत किती जण होते?"

दारात सालहाचा श्वास ऐकू येत होता. शपथ मी नावाची घेतली होती, ती मी पाळीन. नाव मी कधीच घेणार नाही.

"दोघं," मी म्हणालो.

मग डावा दिवा लावला, आरशात बघितलं, मागून कुणी येत नव्हतं. हँडब्रेक सोडला आणि गाडी रस्त्यावर घेतली. माल अजून पोचवायचा होता.