दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकताई म्हणायचे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो दाबायला ती कधी कचरत नसे. तिच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढे कुठे भेटली की हसून सांगत, "मॅडम, अजूनही सिग्नलपाशी आलं की वाटतं, गाडी तुम्हीच थांबवताय."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती रस्त्यावरच असे. त्यामुळे दुसऱ्यांच्या खोडी तिला तोंडपाठ झाल्या होत्या. दिवा हिरवा व्हायच्या आधीच मागून हॉर्न देणारे. शेपटाला शेपूट लावून येणारे. वळून झालं तरी इंडिकेटर मिचकावत लांबवर जाणारे. फोन आला म्हणून भर रस्त्यात, जणू स्वतःच्या अंगणात उभं राहावं तसे, थांबणारे. संध्याकाळी घरी आली की नवरा तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारायचा, "आज किती जणांची लायसन्स रद्द केलीस?" आणि ती खरंच सांगायला लागायची.

तिचा सगळ्यात जास्त राग मात्र भरधाव जाणाऱ्यांवर नव्हता.

"तो निदान दुरून कळतो तरी. आपण सावध होतो," ती म्हणायची. "पण हे मधोमध रमतगमत चालणारे! मनात येईल तेव्हा ब्रेक, मनात येईल तिकडे वळण. गोगलगाय आणि पोटात पाय. मागची माणसं जीव मुठीत धरून चालतात आणि ह्यांना त्याचा पत्ताच नाही."

गाडी तिला वडिलांनी शिकवली होती. ते काचेच्या कारखान्याची गाडी चालवत. मोठमोठ्या काचा, आरसे, दुकानांच्या दर्शनी खिडक्या लाकडी चौकटीत उभ्या बांधून गावभर पोहोचवायच्या, हे त्यांचं जन्माचं काम. खड्डा दिसायच्या आधीच त्यांना कळतो, असं कारखान्यात म्हणत. तिला शिकवताना त्यांनी फारसं काही सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, "मागे काच आहे असं समजून चालव. नसली तरी." तेच ती आता दुसऱ्यांना सांगत होती.

त्या दिवशी तिच्या शेजारी दातांच्या डॉक्टर होत्या. बाई पन्नाशीच्या, दवाखान्यात म्हणे एकदम खंबीर. पण स्टिअरिंग हातात आलं की त्याच दात-ओठ खाऊन बसत, आणि गिअर असा ओढत की जणू अक्कलदाढ उपटायची आहे. बाजाराच्या रस्त्याला लागल्या तर पुढे एक राखाडी गाडी. अगदी मधोमध. उजवा इंडिकेटर चालू, आणि उजवीकडे वळायला रस्ताच नाही. पुढे सगळं मोकळं असूनही ब्रेकचे दिवे लागत, विझत, पुन्हा लागत.

"हा काय करतोय हो?" डॉक्टरबाई घाबरल्या.

"काही करत नाहीये, तेच तर दुखणं आहे," ती म्हणाली. आयतं उदाहरण समोर चालून आलं होतं. "नीट बघून ठेवा. असं चालवायचं नसतं. इंडिकेटर म्हणजे काय दागिना आहे, एकदा घातला की दिवसभर मिरवायचा? अशा माणसाचं लायसन भर चौकात फाडून टाकायला पाहिजे."

आपल्याहून वाईट चालवणारं कुणीतरी जगात आहे, हे बघून डॉक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुदकन हसल्या.

तेवढ्यात ती राखाडी गाडी अचानक डावीकडे वळली. कडेने चाललेल्या सायकलवालीने कसाबसा पाय टेकला, म्हणून वाचली. मागच्या मोटारसायकलवाल्याने जाता जाता गाडीच्या टपावर दाणकन थाप मारली आणि ओरडला, "म्हाताऱ्या, घरी बस की!"

वळताना गाडी आडवी झाली आणि खिडकीतून चेहरा दिसला. बाबा होते. शेजारी आई, समोरच्या काचेला नाक लावल्यासारखी पुढे वाकून बसलेली.

तशा राखाडी गाड्या गावात पैशाला पासरी. आणि बाबांची गाडी अशी चालेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे तिने नंबराकडे पाहिलंच नव्हतं.

"आता काय करू, मॅडम? आणि तुम्ही म्हणत होता ते लायसनचं..."

"सरळ जा."

"पण तो म्हातारा..."

"सरळ जा म्हटलं ना!"

डॉक्टरबाईंनी गाडी सरळ घेतली. ब्रेकताई शिकवताना आवाज चढवत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला. "एकही नाही," ती म्हणाली, आणि तशीच हात धुवायला गेली.

रविवारी ती माहेरी गेली. चहा झाल्यावर सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाबा, मला जरा बाजारापर्यंत सोडता?"

बाबा लगेच उठले. किल्ली त्यांच्या खिशातच होती. आईने हातातलं काम टाकलं आणि पदराला हात पुसत तीही निघाली.

"तू कशाला येतेस? आम्ही जाऊन येतो," ती म्हणाली.

"मीपण येते. बसून बसून पाय आखडलेत," आई म्हणाली आणि तिच्याआधी पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मुलगी मागे बसली. गाडी गेटाबाहेर पडली, आणि आई बोलायला लागली.

"अहो, ती पांढरी गाडी बघितलीत ना, किती मोठी आहे. येतेय हं इकडेच. आणि हा सायकलवाला, ह्याला काही घाई नाही बाई. लाल झाला वाटतं दिवा. किती वेळ लाल असतो इथला! हां, झाला हिरवा. त्या बाईला जाऊ द्या आधी, हातात पिशव्या आहेत तिच्या."

आईची ही बडबड तिने पूर्वीही ऐकली होती. बायका बोलतात, तसं आई बोलते, एवढंच तिला वाटलं होतं. आज मागे बसून नीट ऐकल्यावर तिच्या ध्यानात आलं, की त्यात एक शब्दही वायफळ नाही. आई बोलली की बाबांचा पाय हलत होता. आई श्वास घ्यायला थांबली की गाडी चाचपडत होती. आईला गाडी चालवता येत नव्हती, जन्मात कधी तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आणि गाडी चालवत होती तीच.

परत आल्यावर तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"हे कधीपासून चाललंय?"

"काय कधीपासून?"

"आई."

आई ओटा पुसत राहिली. पुसलेलाच पुन्हा पुसला. "त्यांना आधी कडेचं दिसेनासं झालं," शेवटी ती म्हणाली. "मग वेळेवर सुचेना. मी सांगते ना. काही झालंय का आजवर?"

"त्या सायकलवालीचं होणार होतं. मी मागेच होते, आई. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

आईचा हात थांबला. तो प्रसंग तिलाही आठवत होता, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"तूच बोल मग त्यांच्याशी," ती हळूच म्हणाली. "माझ्याच्याने नाही होत. कारखाना सुटला, मित्र एकेक करून गेले. गाडीत बसले की ताठ बसतात गं. बाकी दिवसभर कसे बसलेले असतात ते तू बघत नाहीस."

ती बाहेर गेली तेव्हा बाबा गाडीच्या काचा पुसत होते. काचेवर फडकं फिरवायची त्यांची तऱ्हा अजून तीच होती, वरून खाली, एकही रेघ न ठेवता. आपण घुटमळत राहिलो तर आज जमणार नाही, हे तिला कळलं.

"बाबा, तुम्ही आता गाडी चालवू नये असं मला वाटतं."

फडकं थांबलं. "कुणी सांगितलं? तुझ्या आईने?"

"मी परवा तुमच्या मागे होते."

"म्हणजे तू माझी परीक्षा घेतलीस? तू?" ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "क्लच कुठला न् ब्रेक कुठला हे तुला मी दाखवलंय, पोरी."

"म्हणून तर म्हणते, माझ्या गाडीतून एक फेरी मारू. आई घरी राहील. तुम्ही नीट चालवलीत तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

बाबांनी दाराकडे पाहिलं. दारात आई उभी होती. त्या दोघांमध्ये काहीतरी झालं, डोळ्यांतल्या डोळ्यांत, आणि आई आत निघून गेली.

"चल," ते म्हणाले.

शिकाऊ गाडीच्या टपावर मोठी पाटी होती. त्या पाटीकडे त्यांनी एकदा तुच्छतेने पाहिलं आणि बसले. आरसा लावून घेतला, सीट मागेपुढे केली. गाडी निघाली ती इतकी अलगद, की तिला क्षणभर आपणच चुकलो असं वाटलं. गिअर पडताना कळतसुद्धा नव्हता. हात अजून तेच होते. मोकळ्या रस्त्यावर त्यांची मान ताठ झाली, आणि एका वळणावर ते म्हणालेही, "बघितलंस?"

"बघितलं."

मग इस्पितळाजवळचा रस्ता आला. कडेला गाड्या उभ्या होत्या, आणि दोन गाड्यांच्या मधून एक बाई बाळाची ढकलगाडी पुढे करत रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर उतरली. ती फार दुरून दिसत होती. ब्रेकताईने वाट पाहिली. आता दाबतील, आता दाबतील. बाबा शांतपणे समोर बघत होते. वेग तसाच होता.

तिने ब्रेक दाबला.

शिकाऊ गाडीत एका बाजूचा ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूचाही खाली जातो. बाबांचा बूट पेडलवर नुसता टेकलेला होता. त्या बुटाखालचं पेडल आपोआप खाली गेलं. गाडी पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. बाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि ढकलगाडी घेऊन पलीकडे गेली.

"मी नाही दाबला," बाबा म्हणाले.

"नाही."

"तू दाबलास."

"हो, बाबा."

मागे हॉर्न सुरू झाले. एक, मग दुसरा, मग सगळे. बाजूने एक गाडी घसटून पुढे गेली, आतल्या माणसाने काच खाली करून तिलाच सुनावलं, "मॅडम, आधी मैदानात शिकवा म्हाताऱ्याला!" एरवी तिने त्याला सोडला नसता. पण खरं तर त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं.

बाबांनी गाडी कडेला घेतली. ह्या वेळी इंडिकेटर दिला, वेळेवर बंदही केला. सीटचा पट्टा सोडला, उतरले, पुढून वळसा घालून तिच्या दाराशी आले आणि ते उघडून उभे राहिले. ती पलीकडच्या सीटवर सरकली. घरापर्यंत तिने चालवली.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली, ती कुणी उचलली नाही. तिच्याशी ते फोनवर 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलत. बसने जायला तयार नव्हते. आई जाई, आणि येऊन कोण भेटलं ते सांगे. ते पेपरात तोंड खुपसून ऐकत. एकदा आईनेच गाडीसाठी गिऱ्हाईक शोधलं, तर बाबांनी गाडी इतकी चकचकीत करून दिली, की तो माणूस भाव करायचंही विसरला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तीही बदलली असं नाही. रस्त्यावर राग यायचा तो येतच होता. पण मधोमध चालणारी एखादी गाडी पुढे आली, की ती अंतर ठेवायला सांगे आणि गप्प बसे. डॉक्टरबाईंनी एकदा धीर करून विचारलं, "आता ह्याचं लायसन नाही फाडायचं?" ती म्हणाली, "कोण आहे ते आधी बघू."

आणि मग एका सकाळी बाबांचाच फोन आला. त्यांच्या बहिणीचा गुडघा धरला होता, तिला बघून यायचं होतं. "तुला वेळ असेल तर," ते म्हणाले. "नसेल तर राहू दे."

"आत्ता निघते."

आत्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाबा तिच्या शेजारी बसले, आई मागे. अर्धी वाट सरली. मग बाबा समोर बघतच म्हणाले, "ती बाई मला दिसलीच नाही."

तिने वेग जरा कमी केला.

"म्हणजे दिसली आणि पाय चुकला, असं नाही. तिथे रस्ता होता. मोकळा. मी शपथेवर सांगितलं असतं." ते पुढे म्हणाले, "तेव्हापासून तेच डोक्यात आहे. जे दिसत नाही, ते दिसत नाही हे माणसाला कळणार कसं? अशा किती बायका येऊन गेल्या असतील? लोक हॉर्न द्यायचे तर मी म्हणायचो, काय उतावळी जात आहे!"

मागच्या सीटवरून आई पुढे सरकली.

"मी कामावर होतो तेव्हा अशा म्हाताऱ्यांना मीही शिव्या घातल्यात," बाबा म्हणाले.

"मीपण, बाबा."

"घाल," ते म्हणाले. "सगळेच काही म्हातारे नसतात. पुष्कळसे नुसतेच मूर्ख असतात." आणि कितीतरी दिवसांनी ते हसले. पाठोपाठ आईही.

आत्याच्या घरासमोरची गल्ली चिंचोळी. दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम एकाची जागा, मागे एक दगडी पायरी आणि तिच्यावर कुंड्या. तिने गाडी उलटी लावायला घेतली तेवढ्यात बाबांनी दार उघडलं.

"थांब," ते म्हणाले. "मी मागे उभा राहतो."

"बाबा, मला जमेल."

"माहीत आहे जमेल ते."

ते गाडीच्या मागे गेले, पायरीला हात लावून त्यांनी तिची जागा एकदा चाचपून घेतली, आणि पायरीच्या कडेला सरून गाडीकडे तोंड करून उभे राहिले. आरशात ते तिला पूर्ण दिसत होते. तळवा वर करून बोटं स्वतःकडे हलवत म्हणाले, "येऊ दे. येऊ दे. जरा डावीकडे. सरळ कर आता. येऊ दे."

तिने आरशातल्या हाताकडे नजर ठेवली आणि क्लच हळूहळू सोडत गेली. बाबांनी टपावर दोनदा टिचकी मारली.

"बास," ते म्हणाले.

ती उतरली. पायरी आणि गाडी यांच्यात वीतभर जागा होती. आत्या खिडकीतून हाका मारत होती, आणि बाबा तिच्याकडे मान वर करून सांगत होते, "आलो गं, आलो. पोरगी गाडी लावत होती."