जनकोजीचा अंगठा

राममूर्तींनी शाईचं पॅड उघडून खाटेच्या कडेवर ठेवलं, तेव्हा गोदा नवऱ्याला चमच्यानं कांजी भरवत होती. जनकोजीचा उजवा हात मनगटापासून पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा झाला होता. त्या गोळ्यात आता अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय, हे डॉक्टरांनी तिला कालच सांगितलं होतं.

"एक छोटं काम आहे," राममूर्ती तमिळमध्ये म्हणाले. अंबत्तूरला डब्यांची पत्र्याची झाकणं करायचा लहानसा कारखाना होता, तिथले ते सुपरवायझर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं लोण्यासारखं. "मालक तीन महिन्यांचा पगार आजच द्यायला तयार आहेत. पुढं वॉचमनचं कामही देतील. फक्त इथं डाव्या हाताचा अंगठा लागेल."

"काय लिहिलंय, सार?" गोदानं विचारलं.

"काही नाही. अपघात झाला, उपचार चालू आहेत, एवढंच."

गोदाला इंग्रजी येत नव्हतं, पण डोळे होते. राममूर्तींनी एकच वाक्य सांगितलं होतं आणि कागद तर वरपासून खालपर्यंत टाइप केलेला होता. जनकोजी ग्लानीत होता. राममूर्तींनी त्याचा डावा हात उचलला, अंगठा पॅडकडे नेला. ओरडावं तर वॉर्डात तमाशा, आणि नको म्हणावं तर कशाच्या जोरावर?

"सार, आज मंगळवार," गोदा एकदम म्हणाली. "साडेचारपर्यंत राहुकाळ आहे. त्यात अंगठा नक्को. तुम्हीच सांगा, तुमच्या घरी चालेल का?"

राममूर्तींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. चारला पाच मिनिटं कमी होती, आणि भेटीची वेळ चारला संपत होती. विभूती लावलेल्या माणसाला राहुकाळ नाकारता येईना. त्यांनी हात सोडला.

"कागद राहू द्या," गोदा म्हणाली. "उद्या चांगली वेळ बघून घेते यांचा अंगठा."

जरा घुटमळत त्यांनी कागद तिच्या हाती दिला.

गोदा विल्लिवाक्कमला घरी परतली ती थेट शेजारच्या दत्तोपंतांच्या दारात. दत्तोपंत साताऱ्याचे. पेरांबूरच्या रेल्वे वर्कशॉपात कारकून, आणि जखमी कामगारांचे कागद तयार करण्यातच त्यांची पंधरा वर्षं गेलेली. चार वर्षांपूर्वी शेजारी राहायला आले तेव्हा गोदाच्या घरची तंजावरी मराठी ऐकून ते पोट धरून हसले होते. आज कागद वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"वहिनी, यात लिहिलंय की मशीनच्या तोंडावरची लोखंडी जाळी जनकोजींनी कुणाला न विचारता, मुद्दाम काढून टाकली. मालकाचा काही दोष नाही आणि आपलं काही मागणं नाही. याखाली अंगठा उमटला असता तर सगळंच मिटलं होतं."

गोदानं पदर डोळ्यांना लावला.

"उमटला नाही ना? मग रडायचं नाही. आता मी सांगतो तसं करायचं. दवाखान्यातला एकही चिटोरा फेकायचा नाही. अपघात कधी, कुठं, कसा झाला ते लिहून मालकाला रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडायची, पोचपावती जपून ठेवायची. कारखान्यांच्या इन्स्पेक्टरांनाही पत्र. मालकानं ऐकलं नाही तर कामगार नुकसानभरपाईच्या कमिशनरांकडं अर्ज. त्याला मुदत असते, म्हणून उशीर नको. आणि मला न दाखवता कशावरही सही नाही, अंगठा नाही."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत रजा टाकून दवाखान्यात आले. जनकोजी शुद्धीवर होता.

"एकच विचारतो, खरं सांगा. जाळी कुणी काढली?"

जनकोजीनं गोदाकडं पाहिलं, मग छताकडं. "मी. पाना घेऊन, माझ्याच हातानं."

गोदाच्या मनात आलं, म्हणजे कागद खरा होता?

"का काढलीत?"

"सुपरवायझर बोलले. जाळी पुढं असली तर पत्रा सरकवायला वेळ लागतो, दिवसाची झाकणं कमी पडतात. काढा नाहीतर घरी बसा, असं बोलले. तिघांनाही बोलले. मी, एकोजी आणि वेंकटरमण."

"लेखी काही?"

"पान्याची कुठं पावती मिळती, पंत?"

"तुम्ही काढलीत हे लपवायचं नाही," दत्तोपंत म्हणाले. "खोटं एका जागी सापडलं की खरंही बुडतं. पण आपल्या मनानं काढणं वेगळं आणि हुकुमानं काढणं वेगळं. तो हुकूम ऐकलेला माणूस पाहिजे."

एकोजी गोदाच्या मावशीचा मुलगा. जनकोजीला त्या कारखान्यात त्यानंच चिकटवलं होतं. कारखान्यात राहिलेला नवऱ्याचा शर्ट आणि जेवणाचा डबा आणायचं निमित्त करून गोदा दुपारी अंबत्तूरला गेली. शेडमध्ये शिरताच ठण्ण ठण्ण आवाजानं तिचं डोकं भणभणलं. जनकोजीचं मशीन बंद होतं, पुसून लख्ख केलेलं. शेजारच्या मशीनवर एकोजी पायानं पट्टी दाबत होता. वरून लोखंड धाडकन येई, आणि त्याच्या बोटांत आणि लोखंडात वीतभरही अंतर राहत नसे. जाळी नव्हती. पलीकडं वेंकटरमणच्या मशीनलाही नव्हती. कोपऱ्यातल्या बाकाखाली तीन जाळ्या एकावर एक पडल्या होत्या, त्यांवर धुळीचा थर.

"एकोजी, तुला ठाऊक आहे ते तू सांगशील ना?"

त्यानं मान वर केली नाही. "अक्का, जा इथून. माझी तीन पोरं आहेत."

"आणि माझ्याकडं काय आहे?"

तेवढ्यात राममूर्ती आले. त्यांची नजर गोदाच्या नजरेमागोमाग बाकाखाली गेली. तिच्या हाती शर्ट आणि डबा देऊन ते तिला फाटकापर्यंत सोडून आले.

त्याच संध्याकाळी नोटीस आणि पत्र पोस्टात पडलं. आठ दिवसांनी इन्स्पेक्टर कारखान्यात गेले, तेव्हा तिन्ही जाळ्या जागच्या जागी होत्या, चकचकीत नव्या नटांनी आवळलेल्या. मालकाचं उत्तर आलं: कामगारानं स्वतःच्या मनानं जाळी काढली, सबब आम्ही जबाबदार नाही.

कमिशनरांकडं अर्ज गेला. तारीख पडली, पुढं ढकलली, पुन्हा पडली. जनकोजी घरी आला होता. दिवसभर डाव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवायचा आणि चिडून पुसून टाकायचा. गोदानं चार घरच्या इडली-डोशाचं पीठ वाटून द्यायला घेतलं. पाचव्या महिन्यात सुनावणी उभी राहिली. मालकाच्या वकिलानं आपला साक्षीदार पुकारला आणि आत आला तो एकोजी.

एकोजीच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. गोदाकडं न बघता तो उभा राहिला.

"जाळी काढताना जनकोजीला तू पाहिलंस?" वकिलानं विचारलं.

"पाहिलं."

"कुणी त्याचा हात धरून काढायला लावली?"

"नाही."

कमिशनरांनी जनकोजीला विचारलं, "हे कबूल आहे?"

जनकोजी उभा राहिला. "कबूल आहे. मीच काढली."

वकील समाधानानं खाली बसला. कमिशनरांनी काहीतरी लिहून घेतलं. गोदाला वाटलं, संपलं. एवढं खरं बोलायची काय गरज होती?

जनकोजीच्या बाजूनं बोलायची परवानगी दत्तोपंतांनी आधीच घेतली होती. ते उठले.

"एकोजी, तुमच्या मशीनची जाळी कुणी काढली?"

वकील ताडकन उठला. "याचा इथं काय संबंध?"

"उत्तर द्या," कमिशनर म्हणाले.

एकोजीनं ओठांवरून जीभ फिरवली. "मी."

"कोणत्या दिवशी?"

"त्याच दिवशी."

"आणि वेंकटरमण यांच्या मशीनची?"

"त्यानं. त्याच दिवशी."

"तीन माणसांच्या मनात एकाच दिवशी एकच गोष्ट आली?"

पंखा डोक्यावर कुरकुरत होता. मागच्या बाकावर राममूर्ती खाकरले. ते खाकरणं ऐकून एकोजीचे खांदे आक्रसले. मग कोण जाणे काय झालं, त्यानं जनकोजीच्या हाताकडं पाहिलं. अपघातानंतर तो हात त्यानं पहिल्यांदाच उघडा पाहिला होता. दोन टोकं आणि मधे नुसती कातडी.

"पाना सुपरवायझरांनी आणून दिला," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला की कमिशनरांनी त्याला पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा तो जवळजवळ ओरडलाच. "पाना त्यांनी दिला! काढा नाहीतर घरी बसा, म्हणाले. आणि त्यानंतरची सगळी झाकणं आम्ही जाळीविनाच केली, रोज, बोटं मोजत!"

निकाल पुढच्या महिन्यात लागला. जनकोजीनं हुकुमावरून जाळी काढली, मालक जबाबदार, तीन बोटांची कायद्यानं ठरलेली भरपाई द्यावी. रक्कम फार नव्हती. वर्षा-दोन वर्षांची सोय होईल एवढीच. दत्तोपंतांनी पेढे आणले. जनकोजी पेढा हातात धरून नुसता बसून राहिला.

एकोजीला साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी फाटकावर अडवलं होतं. गोदा त्याच्या घरी गेली, तेव्हा त्याच्या बायकोनं, सईबाईनं, दार अर्धंच उघडलं.

"अक्का, तुमच्या बोटांचं झालं. आमच्या पोटांचं कोण करणार?" ती म्हणाली. "कोर्टात बोललेला माणूस म्हणून अंबत्तूरभर नाव झालंय यांचं. कुणी उभं करीत नाही."

गोदा ओट्यावर बसून राहिली. उन्हं कलल्यावर एकोजी आला, सायकल टेकवून तिच्या शेजारी बसला.

"मी त्यांच्याच बाजूनं बोलायला आलो होतो, अक्का," तो म्हणाला. "घरून निघताना तेच ठरलं होतं."

"ठाऊक आहे मला."

त्यानंतर दर महिन्याला अर्धी गोणी तांदूळ गोदाच्या घरून एकोजीकडं जात राहिला. सईबाई तो घेई, गोणी झटकून परत देई, पण बोलत नसे. पाच महिन्यांनी एकोजीला पाडी भागातल्या एका लोहारशाळेत काम लागलं, तेव्हा तिनं सांगून पाठवलं की आता तांदूळ नको. ते सांगायला ती स्वतः आली नाही. पोंगलच्या सणाला मात्र आली, आणि गोदानं पुढं केलेल्या पाटावर न बसता थोडा वेळ दारात उभी राहून गेली.