टोपाचा तळ

आमच्या गौरेशचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता. गौरेश माझा थोरला नातू. नार्व्यात घरच्याच अंगणात मांडव घातला होता आणि भाताच्या टोपांकडे मी होते. गावात कोणाचंही कार्य असो, भात कमलाक्षीकडे, हे तीस वर्षं ठरलेलंच आहे. पहिली पंगत ताकावर आली तेव्हा मी दुसऱ्या पंगतीचे तांदूळ वैरले. नवरीची मावशी संजना केव्हापासून माझ्याजवळ उभी राहून बघत होती.

"काकी, सगळा भात एकदमच शिजवून का ठेवत नाही?" तिनं विचारलं.

"ठेवून कोणाला घालू गो? खाणारे अजून वाटेवर आहेत."

ती हसली आणि गेली. मी विसरूनही गेले. पण नाताळच्या सुट्टीत ती पुन्हा आमच्या घरी आली ती कामच घेऊन आली. पेडण्याच्या सड्यावर, वरच्या माळावर, विद्यापीठाचं वसतिगृह आहे, तिथली मेस ती बघते. जेवायला तीनशे ऐंशी मुलं आणि रोज दुपारी साठ किलो अन्न वाया जाऊन पिंपात. विद्यापीठानं तिला सुट्टीनंतरचे पंधरा दिवस दिले होते. पंधराव्या दिवशी काटा तीसच्या खाली आला तर स्वयंपाकघर राहील आणि भाजी, तांदूळ बाहेरून ट्रकनं न आणता इथल्या बायकांच्या गटांकडून घेतले जातील. नाही आला तर एक कंपनी शिजवलेलं जेवण गाडीतून आणून देईल. मग चूल बंद आणि चुलीवरची चौदा माणसं घरी.

"तुम्ही या," ती म्हणाली. "मांडवात तुमचं काही वाया गेलेलं मी बघितलं नाही."

आमच्या गटात अकरा बायका. नदीच्या काठाला आम्ही तांबडी भाजी, मुळे, वांगी, चवळीसारखे अळसांदे करतो. डिचोलीच्या बाजारात बसायचं आणि उन्हं चढली की सुकलेल्या जुड्या परत आणायच्या, हे आमचं नेहमीचं. तीनशे ऐंशी माणसांचं घर एकदम मिळणार म्हटल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही. संक्रांतीच्या चार दिवस आधी, पुतण्या सगुणच्या टेंपोत भाजीच्या टोपल्यांशेजारी बसून मी कोलवाळचा पूल ओलांडला.

तिथला मुख्य आचारी भैरू. चंदगडकडचा, साठीला आलेला. गोव्यात बावीस वर्षं काढली तरी बोलणं घाटावरचंच. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"मावशी, तुमी लग्नाच्या पंगती उठवलाय. हितं रोजची वरात हाय."

"मग रोज नवरा कोण होतो?"

"ज्याला भात कमी पडंल त्यो."

त्या चौदा माणसांमध्ये त्याची सून वर्षाही होती. चूल बंद झाली तर त्या घरातली दोन्ही कामं एका दिवशी जाणार होती. तो ते बोलून दाखवत नव्हता, पण रोज पिंप काट्यावर चढलं की हातातलं काम टाकून तो बघायला यायचा.

पहिले पाच दिवस आम्ही सगळ्यांनी मुलांनाच धरलं. संजनानं भिंतीवर कागद लावले, 'हवं तेवढंच घ्या'. मी मेजाजवळ उभी राहून मुलांच्या ताटांकडे डोळे वटारायची. मुलं आपल्या हातानं वाढून घेतात तिथे. वास्कोचा साईश म्हणून एक उंच मुलगा होता, तो म्हणाला, "आजी, तुम्ही असं बघता की घेतलेला भात परत ठेवावासा वाटतो." पाचव्या दिवशी काटा पंचावन्नवर. पाच दिवसांत पाच किलो. संजनाचं तोंड एवढंसं झालं.

सहाव्या दिवशी मी ताटं विसळतात तिथे जाऊन उभी राहिले. तासभर बघितलं. ताटं तशी स्वच्छच येत होती. कुणाचं लोणचं, कुणाचा घासभर भात, कुणी वांग्याचं देठ. यातून पंचावन्न किलो कसे होतील ते मला कळेना.

परत मेजाकडे आले. भाताचा टोप खाली गेला होता. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "भैरू, टोप उचल, तळ दिसायला लागला." मी बोलायच्या आधीच त्याचा हात टोपाच्या कानाला लागला होता. एक टोप आत गेला, भरलेला बाहेर आला.

आणि मी तिथेच थांबले.

वाढत्या टोपाचा तळ जेवणाऱ्याला दाखवायचा नाही, हे मला माझ्या सासूनं शिकवलं. भैरूला त्याच्या आईनं. तळ दिसला की घराची शोभा गेली. मांडवात तो उरलेला भात वाढपी खातात, भांडी घासणाऱ्या बायका घरी नेतात, गुरांना जातो. पण इथला टोप म्हणजे लहान मूल आंघोळीला बसवावं एवढा. त्याच्या तळाशी चार किलो भात राहतो. भाताचे चार टोप, आमटीचे तीन, भाजीचे दोन.

मी आत धावले. या वयात धावले म्हणजे पाय जमतील तसे टाकले. "बाय संजना, दोन पिंपं कर. ताटांतलं एकात, टोपांतलं दुसऱ्यात."

त्या दिवशी ताटांचं पिंप भरलं एकोणीस किलो. टोपांचं पस्तीस.

संजना त्या आकड्याकडे बघतच राहिली. मला हसू आवरेना. पाच दिवस आम्ही पोरांना दटावत होतो आणि अन्न टाकत होतो आम्ही. मीच.

भैरूला मात्र हसू आलं नाही. "तळ दाखवायचा? तळ बघितला की लक्ष्मी जाती, मावशी. आई सांगायची."

"आणि पिंपात बसलेली लक्ष्मी तुला रोज दिसते ती?"

त्यानं पिंपावर झाकण लोटलं. मग म्हणाला, "उद्यापासनं खरवडा. पण तुमीच खरवडायचा. माझा हात जायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही टोप लहान केले आणि तळापर्यंत मेजावरच ठेवले. मी डाव घेऊन उभी. पहिल्या टोपाचा तळ उघडा पडला आणि साईश म्हणाला, "अरे, भात संपतोय." एवढंच म्हणाला तो. पण मागची रांग हलली. पुढच्या मुलीनं एका डावाच्या जागी तीन घेतले. तिच्या मागच्यानं ताटात डोंगर केला. रांगेतून आवाज येऊ लागले, "मला ठेव रे, मला ठेव." भरलेला टोप बाहेर येईपर्यंत निम्म्या मुलांनी दोन माणसांचा भात घेऊन ठेवला होता, आणि तो त्यांना जाईना.

टोपांचं पिंप सात किलो. ताटांचं एकेचाळीस.

"भ्याली पोरं," भैरू म्हणाला. "मी पण भ्यालो की."

मी दुपारभर विचार करत बसले. मांडवातही कधीतरी चुकून तळ दिसतोच. तिथे माणसं अशी का उठत नाहीत? संध्याकाळच्या चहाच्या वेळी ते माझ्या ध्यानात आलं. मांडवात चूल समोर असते. दुसरा टोप रटरटताना दिसतो, वाफ दिसते. वास तर येतोच. पोटाला माहीत असतं की येतोय.

मेसच्या स्वयंपाकघराला जेवणाच्या खोलीकडे उघडणारं एक मोठं जनेल होतं, खिडकीच म्हणा, पण कित्येक वर्षं बंद. त्यावर सूचनांचे कागद चिकटवलेले. आमचा 'हवं तेवढंच घ्या' तिथेच होता.

"हे उघडायचं," मी म्हटलं.

"कागद फाटतील, काकी."

"फाटू दे."

भैरूनं आणि वर्षानं खांदे लावून ते जनेल उघडलं. कडी गंजली होती, तेल घालावं लागलं. मग भाताची शेगडी ओढून बरोबर त्याच्यासमोर आणली. दुसऱ्या दिवशी टोपाचा तळ दिसला तेव्हा साईशनं मान उंचावून आत बघितलं. भैरू आतून म्हणाला, "काय बघतोस? अजून धा मिंटं. तवर कोशिंबीर खा." साईश कोशिंबीर खात उभा राहिला. मागची रांग जागची हलली नाही.

त्या दिवशी दोन्ही पिंपं मिळून एकोणचाळीस. मग सदतीस. मग चौतीस. मग रविवार आला, मुलं कमी, तो दिवस संजनानं धरलाच नाही. पुढच्या तीन दिवसांत तेहतीस, बत्तीस आणि एकतीस. आता वसतिगृहातली मुलंसुद्धा दुपारी काटा बघायला थांबू लागली, क्रिकेटच्या धावा विचाराव्या तशी विचारू लागली. नार्व्यातून बायका फोन करायच्या, "आज किती?" एकतीस ऐकल्यावर पलीकडून कोणीतरी म्हणालं, "एक-दोन किलो म्हणजे एवढूसं, मीच येऊन खाऊन जाते."

पंधरावा दिवस गुरुवार, म्हणून मासळी नाही. उकड्या तांदळाचा भात, मोडाच्या मुगांची मुगागाठी, आमची तांबडी भाजी. विद्यापीठाचे साहेब स्वतः काटा बघायला आले आणि कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले.

आणि त्याच दिवशी बत्तीस मुलं पहाटेच मोरजीला गेली होती. कासवं अंडी घालायला येतात ते बघायला, त्यांच्या सरांबरोबर. दुपारी जेवायला येणार की नाही, कोणी सांगितलं नव्हतं. संजना फोन लावत होती, लागत नव्हता.

एक वाजून दहा मिनिटं झाली. शेवटचा टोप अर्ध्यावर. उकड्या भाताला पाऊण तास लागतो आणि मेस दोनला बंद होते. घालायचा तर आत्ताच. बत्तीस जणांचा घातला आणि ती आली नाहीत, तर सगळा पिंपात आणि आमचे पंधरा दिवस त्याच पिंपात. नाही घातला आणि ती आली, तर पोरं उपाशी.

मी तांदळाचं माप पुरतं भरून घेतलं. "घालते बाबा. पोरं उपाशी राहिली तर मला घास जायचा नाही."

भैरूनं माझा हात धरला. "मावशी, निम्मंच."

"आणि सगळी आली तर?"

"आली तर त्यांच्याशी मी बोलतो. तुमी निम्मंच टाका."

तीस वर्षांत जाणूनबुजून कमी भात मी कधी घातला नव्हता. मी माप निम्मं रिकामं केलं आणि उरलेलं वैरलं.

दोनला दहा कमी असताना बस आली. मी जनेलातून मोजत होते. दहा, वीस, तीस, बत्तीस. सगळीच्या सगळी. पायांना वाळू, तोंडं उन्हानं लाल. "काय आहे आजी?" एकानं विचारलं. "सकाळपासून दोन बिस्किटांवर आहोत."

भैरू बाहेर आला. बावीस वर्षांत तो त्या मेजाच्या पुढच्या बाजूला उभा राहिला नव्हता. आधीच्या टोपात राहिलेला भात त्यानं स्वतः कडेकडेनं खरवडला, नव्या टोपात टाकला आणि तो टोप मुलांकडे तिरका करून धरला. तळापर्यंत दाखवला.

"एवढाच भात हाय. मी निम्माच लावला, चूक माजी. मुगागाठी भरपूर हाय, सकाळचे पाव हायत. मागं कोण हाय ते बघून घ्या."

मी डोळे मिटले. पुन्हा डोंगर होणार असं वाटलं.

पहिली होती प्राजक्ता, बारकीशी मुलगी. तिनं मागे वळून रांग बघितली. "काका, मला अर्धा डाव पुरे. मी पाव घेते." तिच्या मागच्यानं अर्धा घेतला. त्याच्या मागच्यानं नुसता पाव घेतला आणि म्हणाला, "मी कासवाएवढंच खातो." "कासव काय खातं माहीत आहे का तुला?" मागून कोणीतरी विचारलं, आणि रांगभर हसू पसरलं. बत्तिसाव्या मुलाला दोन डाव मिळाले. त्यानं एक परत केला आणि तो भैरूच्या ताटात वाढला. आम्ही बाकीच्यांनी मुगागाठी आणि पाव खाल्ले. अशी मुगागाठी मी पुन्हा खाल्ली नाही.

दोन्ही पिंपं काट्यावर चढली. बावीस किलो. साहेबांनी उतरवायला लावली आणि पुन्हा चढवली. बावीसच.

"साहेब, काटा बिघडलाय का बघा," भैरू म्हणाला, आणि वर्षा पदरात तोंड लपवून हसायला लागली. संजना रडत होती. मी नार्व्याला फोन लावला तेव्हा मला आकडा सांगतानासुद्धा दम लागत होता.

चूल राहिली. आमच्या गटाची भाजी आठवड्यातून तीनदा पेडण्याला जाते आणि सुकलेल्या जुड्या आम्ही आता परत आणत नाही. वर्षा अजून तिथे आहे. भैरूनं पुढचं वर्षभर त्याच चुलीवर काम केलं. सोळा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, रविवारी सकाळी, चंदगडजवळच्या आपल्या गावी तो वारला.