प्लस बॉडीला

बॅटरी म्हटलं की मिस्त्रीणबाई दोन हात लांब राहायच्या. इंजिन खोला, गिअरबॉक्स उतरवा, क्लच बदला, बाई बाह्या सरसावून तयार. बॅटरी दिसली मात्र, की त्या कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याला हाक मारायच्या. चार वर्षांपूर्वी एक बॅटरी त्यांच्या नवऱ्याच्या तोंडासमोर फुटली होती आणि दोन्ही डोळे घेऊन गेली होती. तेव्हापासून सगळे ज्यांना उस्ताद म्हणत ते मिस्त्री गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून कानांनी इंजिनं तपासायचे आणि बाई त्यांच्या सांगण्यावरून पाने फिरवायच्या. घरात दोनच चालते डोळे उरले होते, आणि ते बाईंचे होते.

त्या दुपारी एक आजोबा आपला ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॅक्टर त्यांच्याहून फार लहान नसावा, पण लाड नातवासारखे चालले होते.

“दर दोन दिवसांनी बॅटरीतलं पाणी संपतंय,” आजोबा म्हणाले. “आणि दिव्याचा बल्ब आज लावला की उद्या गेलाच.”

“डायनॅमो बॅटरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज करतोय,” उस्तादांनी बसल्या जागी निकाल दिला. “त्याला आवरणारा रेग्युलेटर चिकटला असणार. अगं, सीट उचलून बघ जरा.”

बाईंनी सीट उचलली आणि दोन पावलं मागे सरल्या. खालची बॅटरी फुगली होती. बुचांमधून फुसफुस चालली होती आणि आंबट, घसा खवखवणारा वास येत होता. नेमका आजच बॅटरीवाला बाहेरगावी गेला होता.

वास दारापर्यंत पोचला. उस्तादांचा आवाज एकदम खाली आला. “उकळतेय ती. आजोबा, इंजिन बंद करा. आणि इथे कोणी काडी ओढू नका.”

इंजिन बंद झालं. आता सगळं शांत व्हायला हवं होतं, पण पुढून, डायनॅमोच्या बाजूने, धूर निघायला लागला. इंजिन थांबलं की कटआउट नावाची एक छोटी डबी डायनॅमो आणि बॅटरीची ताटातूट करते. ती डबीही चिकटली होती. आतापर्यंत डायनॅमोने बॅटरीत ओतलेली सगळी वीज बॅटरी आता उलटी डायनॅमोत ओतत होती, आणि मधल्या तारेवरचं वेष्टण जळत होतं. ती तार डिझेलच्या टाकीला घासून जात होती. सीटखाली बॅटरीचा गॅस कोंडला होता, त्याला एक ठिणगी पुरली असती.

“मायनस काढ!” उस्ताद ओरडले. “आधी मायनस, मग प्लस! पळ!”

हा धडा त्यांनी बाईंना पहिल्याच दिवशी घोकून घेतला होता. मायनस गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेला असतो, त्यामुळे तो काढताना पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. बाईंनी पाना उचलला. पळून जावं, जळतंय ते जळू दे, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. तरी त्या वाकल्या. तोंडावर गरम वाफ आली. डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते आणि मिटता येत नव्हते. पाना मायनसच्या नटावर बसला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष बॅटरीच्या तारांकडे गेलं. मायनसची जाड तार स्टार्टरकडे गेली होती. बॉडीला बोल्टने आवळलेली पट्टी प्लसवरून आली होती. या जुन्या ट्रॅक्टरचा सगळा कारभारच उलटा होता, आणि पान्याचं शेपूट सीटच्या लोखंडापासून बोटभर दूर होतं; टेकलं असतं की ठिणगी उडालीच असती.

बाईंनी पाना अलगद, सरळ वर उचलला.

“काढलास का?” उस्ताद ओरडत होते. “अगं, बोल ना!”

रबरी मुठीची पक्कड घेऊन बाई पुढे धावल्या आणि डायनॅमोजवळच, बॅटरीपासून शक्य तितक्या लांब, त्यांनी ती जळती तार तोडली. निळी ठिणगी उडाली आणि विझली. तारेचं जिवंत टोक त्यांनी रबरी नळीच्या तुकड्यात कोंबलं. धूर विरळ झाला. मग त्या फरशीवर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. आजोबा पाण्याचा तांब्या घेऊन नुसतेच उभे राहिले.

“मायनस काढलास ना?” उस्तादांनी पुन्हा विचारलं.

“नाही. डायनॅमोची तार तोडली.”

“का? मी सांगत असताना?”

“अहो, याचा प्लस बॉडीला आहे.”

बॅटरी निवेपर्यंत उस्ताद स्टुलावरच बसून होते. मग म्हणाले, “मला तिथे ने.” बाईंनी त्यांचा हात धरून नेलं. त्यांनी प्लसपासून पट्टी चाचपत बॉडीवरच्या बोल्टपर्यंत बोटं नेली, परत आणली, पुन्हा नेली.

“त्या दिवशीचा ट्रॅक्टरही असाच जुना होता,” ते म्हणाले. “मी बघितलंच नाही. सवयीने मायनसला पाना लावला. तो कुठेतरी टेकला, एवढं आठवतं.”

चार वर्षं ते बॅटरीच खराब होती म्हणून सांगत आले होते, आणि बाईंनीही त्यांच्या जोडीने बॅटरी बनवणाऱ्याला तळतळाट दिले होते. आता त्यांना नवऱ्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. भीतीच आली, मघापेक्षाही मोठी.

“तुम्ही सांगितलंत म्हणून मी पाना लावला होता,” त्या म्हणाल्या. “नटावर बसलासुद्धा होता.”

“कळलं मला,” उस्ताद म्हणाले. “यापुढे मी कितीही ओरडलो ना, तरी आधी तू बघ. बघून पटलं, तरच माझं ऐक.”